धर्मोपदेशक असूनही जीवाश्मांच्या अभ्यासात नाव कमावलेलं कोणी आहे का?

आहे ना, आणि लांब कशाला जायचं, आपल्या नागपुरातच होता! रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, हो तेच ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे (कॉलेज मात्र ते गेल्यावर, 1883 मधे सुरू झालं). स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा माणूस, 1817 चा जन्म, मिशनरी म्हणून 1845 ला नागपुरात आला, शाळा काढली, मराठी शिकला आणि फिरता फिरता दगड गोळा करायचं वेडच लागलं.

आता गंमत बघा, आपला काळा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात जीवाश्म कसले सापडणार असं कुणालाही वाटेल. पण दोन उद्रेकांच्या मधे बराच काळ जायचा, तेवढ्यात तळी साचायची, गाळ बसायचा आणि वरून परत लाव्हा. त्या मधल्या पातळ थरातून, नागपूरजवळच्या टाकळीला, हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, फळं, अगदी किड्यांचे अवशेषसुद्धा काढले. मांगलीला मिळालेली एका उभयचराची कवटी लंडनला गेली, तिथे जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेननी 1855 मधे तिला ब्रॅकिऑप्स नाव दिलं. हिस्लोपाइट खनिजाचं नावही ह्यांच्यावरूनच.

शेवट मात्र वाईट झाला. सप्टेंबर 1863 मधे टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन काळी मोठे दगड गोलाकार मांडून केलेली वर्तुळं) बघून घोड्यावरून परत येत होते, पावसाने नदी फुगलेली, त्यातच बुडाले. वय फक्त 45.