रिसॉर्टला न्यावं का डोंगराला?

पाऊस लागला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतोय, सगळ्यांना बाहेर पडायचं असतंय आणि तेही घोळक्यानं. या खेपेला तीन पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण तसलाच प्रश्न आणखी चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. आमच्याकडं मोल्डिंग (साचे करणारे) आणि फेटलिंगचं (ओतलेला माल घासून साफ करणारे) अजिबात पटत नाही. कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, रिजेक्ट झालं की हे म्हणतात त्यांनी ग्राइंडिंगला वाट लावली, ते म्हणतात मोल्डच खराब होता, आणि दोघं मिळून मेल्टिंगला शिव्या घालतात. मालक म्हणतात सगळ्यांना एक दिवस बाहेर न्या. दरवर्षी रिसॉर्टला जातो, रेन डान्स, जेवण, ग्रुप फोटो, आणि सोमवारी परत तेच सुरू. ट्रेकला नेलं तर काही फरक पडंल का? माणसं 28 आहेत, वय 22 पासून 55 पर्यंत.

उत्तर : दादा, आधी स्पष्ट सांगतो, नुसतं डोंगरात नेल्यानं भांडणं मिटत नाहीत. डोंगरातपण मोल्डिंगवाले मोल्डिंगवाल्यांच्यातच बसून भडंग खातात, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तिथं नेऊन माइकवर कुणीतरी ‘चला आता सगळ्यांनी हात धरा’ असले खेळ घेतले तर रिसॉर्ट परवडलं, निदान तिथं जेवण बरं असतंय.

माणसं जवळ येतात ती एकट्याला जमणार नाही असलं खरं काम अंगावर पडल्यावर. म्हणून माझा एकच हट्ट असतो, दुपारचं जेवण विकत घ्यायचं नाही, स्वतः रांधायचं, आणि शिधा वाटून न्यायचा. तांदूळ एकाच्या सॅकमध्ये, डाळ दुसऱ्याच्या, तेल तिसऱ्याच्या, आणि मीठ सगळ्यात मागं राहणाऱ्या माणसाकडं. हे मीठ मुद्दाम हं. पुढं पळणारी तरणी पोरं तासभर आधी पोचतात, चूल पेटवतात, डाळ शिजते, आणि मग लक्षात येतं की मीठ तर फेटलिंगच्या मामांच्या पिशवीत आहे आणि मामा अजून दोन वळणं खाली आहेत. एकदा असंच झालं तेव्हा तीन पोरं न सांगता उठली आणि खाली जाऊन त्या माणसाची सॅक पाठीवर घेऊन आली. आधी मिठासाठीच गेली असणार, पण परत येताना त्यांच्यात गप्पा चालू होत्या, तेवढं बास.

मोठं पातेलं काठीला अडकवून दोघांनी न्यायचं, जोडी एक मोल्डिंगचा एक फेटलिंगचा, दर दहा मिनिटाला खांदा बदलायचा. पावलं जुळली नाहीत की पातेलं हिंदकळून गुडघ्यावर बसतंय, त्यामुळं बोलावंच लागतं. पहिली दहा मिनिटं शिव्या असतील, असू देत.

जागा म्हणाल तर पन्हाळ्यावरून मसाई पठार. राजदिंडीच्या वाटेनं उतरायचं आणि म्हाळुंग्याकडून चढायचं, तीनेक तास लागतात, 28 जणांचा घोळका असला तर चार धरा. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ते याच वाटेनं, 12 जुलै 1660 च्या रात्री, मुसळधार पावसात, विशाळगडाकडं. पालखी वाहणारी माणसं त्या चिखलात कशी पळाली असतील हे पातेलं उचलल्यावर कळतंय, भाषणाची गरज पडत नाही. आणि महाराजांचं सोंग घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशीद पायथ्याच्या नेबापूरचे, तुमच्यातली निम्मी माणसं तिकडचीच असणार, तर ती गोष्ट त्यांच्यातल्याच कुणालातरी सांगू दे. पावनखिंडीपर्यंतचा दोन दिवसांचा नाद पहिल्याच खेपेला करू नका, 55 च्या माणसाचे गुडघे पुढचा आठवडाभर तुमची आठवण काढतील. चूल पठारावर पेटवायची नाही, खालच्या वाडीत आधी बोलून ठेवा, कुणाच्यातरी अंगणात रांधा, पैसे द्या, आणि भांडी आपली आपण घासा, सुपरवायझरनं पहिलं.

आणखी एक गंमत बघायला मिळंल. कंपनीत ज्याला कुणी विचारत नाही असा हेल्पर वाटेत वाकून टाकळा खुडायला लागतो, कुर्डू दाखवतो, ही भाजी कशी करायची ते सांगतो, आणि शिफ्ट इन्चार्ज तोंड उघडं ठेवून ऐकतो, कारण तो अपार्टमेंटात वाढलाय. चिखलात पण इन्चार्जच घसरतो, हात द्यायला हेल्परच असतो. हे तुम्ही ठरवून घडवू शकत नाही, फक्त आड येऊ नका, म्हणजे शिट्ट्या मारू नका आणि सारखं ‘चला चला’ करू नका.

वर पोचल्यावर मोबाईल सॅकमध्ये टाकायला लावा आणि सगळ्यांना पांगवून, पण एकमेकांच्या नजरेत राहतील असं, वीस मिनिटं गप्प बसवा. पहिली पाच मिनिटं हसू येतं, मग खोकला सुरू होतो, मग हळूहळू वारा ऐकू यायला लागतो, पाऊस थांबलेला असला तर वर कुठंतरी चंडोल गातो, तो दिसत नाही नुसता ऐकू येतो. फेटलिंगचा एक भाऊ मला म्हणाला होता, ‘सर, पहिल्यांदा नुसतं ग्राइंडरच वाजत होतं कानात, मग ते बंद झालं.’ एवढं तरी रेन डान्सला होत नाही.

आता सेफ्टी, कारण इथं मी स्वतः माती खाल्लीय. काही वर्षांमागं 34 जण घेऊन याच पठारावर होतो, धुकं असं उतरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसंना, आणि मी शहाणा पुढं. बॅकलीड, म्हणजे सगळ्यात मागं राहून लक्ष ठेवणारा, कुणी ठेवलाच नव्हता. मोजलं तर 32. ते दोघं तासाभरानं एका धनगरदादांबरोबर चालत आले, हसत होते, माझे पाय मात्र कापत होते. तेव्हापासून पठारावर सगळ्यात हळू चालणारा पुढं, सगळ्यात भरवशाचा सर्वात मागं, आणि प्रत्येक वळणावर मोजणी. पठार उघडं आहे, विजा कडाडायला लागल्या तर लगेच खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. कड्यांना आग्या मोहोळं असतात म्हणून सेंट मारून येऊ नका आणि धूर करू नका. कुणाला दम्याचा, शुगरचा, बीपीचा त्रास आहे ते आदल्या दिवशी एकेकट्याला विचारा, सगळ्यांसमोर कोण सांगत नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, आमच्या सातवीत 40 मुलं आहेत. त्यांना निसर्गाची ओढ लागावी म्हणून पावसाळ्यातच दाजीपूरला गवे बघायला नेऊ का? पालक फार पैसे देऊ शकत नाहीत.

उत्तर : मॅडम, पावसाळ्यात नकोच, तेव्हा तिथली सफारी बंद असते, परत कधी सुरू ते वनखात्याला विचारूनच ठरवा. दाजीपूर म्हणजे आधी संस्थानाचं शिकारीचं रान, 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, आज राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्या जंगलात 40 मुलांचा कालवा ऐकून गवा थांबंल का? मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, पण बुजरा असतो. मुलं दिवसभर बसमध्ये, गवा दिसला नाही म्हणून हिरमुसलेली, आणि परत येताना उलट्या, असल्या सहली मी केल्यात.

त्यापेक्षा या महिन्यात कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेत न्या, खर्च फक्त वडापावचा. जोड्या करा, नेहमीचे मित्र वेगळे करून. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, दुसऱ्यानं त्याला हाताला धरून आडवळणानं एका झाडापाशी न्यायचं. त्यानं खोड चाचपायचं, साल खरबरीत का गुळगुळीत, डिंक लागतोय का, मुळं कुठं वर आलीत, कवेत मावतंय का, वास घ्यायचा. परत आणून रुमाल सोडायचा आणि म्हणायचं, शोध तुझं झाड. सापडलं की पोरगं असं ओरडतंय जसं काही लॉटरी लागली, आणि ज्यानं दगडाला ठेच न लागू देता नेलं त्याच्यावर त्याचा विश्वास बसतोच. मग दर महिन्याला त्याच झाडाकडं जायचं, पानं गळाली का, मोहोर आला का, कुणी घरटं केलं ते वहीत लिहायचं. थंडीत वीस-वीसच्या दोन तुकड्या करून दाजीपूर करा, तेव्हा त्यांना गवा नाही दिसला तरी त्याच्या खुराचा ठसा आणि शेण बघून आनंद होईल. दिसलाच तर त्याचे चारी पाय पांढरे मोजे घातल्यासारखे असतात ते बघायला सांगा.

प्रश्न : मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर गगनबावड्याला ट्रेकला चाललीय. जळवांची भीती वाटते, काय करू?

उत्तर : ताई, जळवांनी कोण मरत नाही. पॅन्ट मोज्यात खोचायची, लागलीच तर ओढून काढायची नाही, नखानं तोंडाकडून हळूच सरकवायची. नंतर रक्त बराच वेळ वाहतं कारण जळू रक्त गोठू नये असं काहीतरी सोडते, त्याला घाबरायचं नाही, साबणानं धुवून दाबून धरायचं आणि खाजवायचं नाही. कुणाला ॲलर्जी असली किंवा रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असल्या तर आधी डॉक्टरांना विचारा. जुनी माणसं पायाला तंबाखूचं पाणी लावतात, तेव्हा मुलीच्या सॅकमध्ये पुडी सापडली तर लगेच आरडाओरडा करू नका, जळवांसाठी असंल.