नाशिक जिल्ह्यात शेतीचं सरकारी अनुदान नेमकं कोणाच्या पदरात पडतं?

थोडक्यात सांगायचं तर ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याच्या. शेत कोण कसतो, हे सहसा कुणी विचारत नाही.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० जमीनधारक कुटुंबाला मिळतात. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतली असेल किंवा घरात कुणी आयकर भरत असेल, तर नाही. निम्म्या वाट्याने कांदा करणारा वाटेकरी यात कुठेच बसत नाही. बियाणं, मजुरी यात पैसे त्याचेही अडकतात, हप्ता मात्र नाशिक शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर येतो. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

ठिबक सिंचनाच्या अनुदानाचं वेगळं. अल्प-अत्यल्प भूधारकाला (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला) केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के, राज्याचे पूरक २५, म्हणजे ८० टक्के, बाकीच्यांना ७५. कागदावर लहान शेतकरी पुढे आहे. पण महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून संच बसवायचा, बिल अपलोड, सहाय्यक कृषी अधिकाऱ्याची (पूर्वीच्या कृषी सहाय्यकाची) शेतावर येऊन मोका तपासणी आणि मग कधीतरी अनुदान. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला तेवढे दिवस पैसे अडकवणं जमतं. सुरगाणा-पेठच्या भात, नागलीवाल्याकडे तेवढी रोकड कुठून येणार? मुळात उन्हाळ्यात ठिबकला द्यायला पाणीच नसतं.

वनहक्क पट्टा (वनजमीन कसण्याचा कायदेशीर हक्क) मिळाला असेल तर पीएम किसानसाठी अर्ज जरूर करा, पट्टेधारक पात्र आहेत. आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का आणि ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) झालीय का, तेवढं आधी बघा. बरेच हप्ते तिथेच अडकतात.