बेपत्ता विमानाच्या नोंदी वाचताना

प्रिय,

त्या बाईंना तू अजून उत्तर लिहिलं नाहीस, हे बरं केलंस. त्यांचा मामा अमेरिकन नौदलात होता; 1942 साली अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवरून कॅटलिना या पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून गस्तीला गेला तो परत आलाच नाही, आणि आज ही भाची एवढंच विचारते आहे की त्याला फार त्रास झाला का. याचं उत्तर तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही आणि कुठल्या फायलीतही नाही. ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक, आडवळणाने नको. ‘क्षणात सगळं संपलं असेल’ असं लिहायचा मोह तुला होणार, सगळ्यांनाच होतो. पण आज दिलासा म्हणून लिहिलेलं हे वाक्य उद्या त्यांच्या नातवंडांच्या तोंडी पुरावा होऊन बसतं.

मात्र ‘काही सापडत नाही’ असंही कळवू नकोस, कारण सापडतं. जुलै 1973 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या लष्करी नोंदी ठेवणाऱ्या केंद्राला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली खाक झाल्या. त्या भूदलाच्या आणि हवाईदलाच्या होत्या. नौदलाच्या वाचल्या. मामा नौदलातला, तेव्हा त्याची सेवापुस्तिका शाबूत असण्याची आशा धरायला हरकत नाही. त्याच्या स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकडीची, युद्धदैनंदिनी मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला, राष्ट्रीय अभिलेखागारात मिळेल. दोन्हींसाठी अर्ज एकाच वेळी टाक.

कागद हातात आले की पहिली गफलत तारखेची होते. बेपत्ता माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर एक वर्ष आणि एक दिवस उलटल्यावर नौदल त्याला मृत जाहीर करू शकत असे, आणि स्मारकावर पुष्कळदा तीच तारीख कोरलेली दिसते. हवाईतल्या होनोलुलूच्या स्मारकाच्या भिंतींवर पॅसिफिकमध्ये बेपत्ता झालेल्या 18,000हून अधिक जणांची नावं आहेत. तिथे 1943 दिसलं म्हणून 1943च्या दैनंदिन्या उपसत बसलास, तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या असते; त्या घरांना तिथी सरकारने नेमून दिली. कित्येक घरांनी ती मनापासून पाळली आहे, म्हणून ‘तुमची तारीख चुकीची आहे’ असं फटकन लिहू नकोस. विमान कधी गेलं ते सांग आणि कागदावरची तारीख कुठून आली तेही सांग.

दुसरी गफलत स्क्वाड्रनच्या क्रमांकाची. नौदलाने हे क्रमांक वरचेवर बदलले, एकाचा दुसऱ्याला दिला, आणि ऑक्टोबर 1944 मध्ये तर सगळ्या व्हीपी (गस्ती) स्क्वाड्रन व्हीपीबी (गस्ती-बॉम्बफेकी) झाल्या. वर्ष सोबत नसेल तर नुसत्या क्रमांकाचा काही उपयोग नाही.

आता अवघड भाग. घरात बहुतेक ‘जपान्यांनी पाडलं’ असंच सांगत आलेले असतात. जून 1942 मध्ये जपान्यांनी किस्का आणि अट्टू ही बेटं घेतली, कॅटलिनांनी किस्कावर बॉम्ब टाकले, विमानं पडली, हे खरंच आहे. पण त्या पट्ट्यात शत्रूपेक्षा धुक्याने, बर्फाने आणि वाऱ्याने जास्त विमानं खाल्ली. ढगात शिरलेलं विमान डोंगरावर आदळलं, अशा नोंदी तुझ्या वाचनात येतील. तसं काही निघालं तर ईमेलने कळवू नकोस, फोन कर. आणि ‘सगळं ऐकायचं आहे ना?’ हे आधी विचार. काहींना नको असतं, त्यांचं ऐकावं.

माझं स्पष्ट मत सांगतो: शेवटच्या तासाच्या मागे लागून आपण आधीचे शेकडो तास वाया घालवतो. त्या बाईंनी मामाला पाहिलेलंही नाही. तो दिवसभर काय करायचा, हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. सेवापुस्तिकेत त्याचा हुद्दा मेकॅनिकचा निघाला, तर त्याची जागाच दाखवता येईल. कॅटलिनाचा 104 फुटी पंख नावेसारख्या धडाच्या वर एका जाड खांबावर तोललेला असतो. त्या खांबाच्या पोटात मेकॅनिकची बैठक. दोन्ही बाजूंना इवल्या खिडक्या, डोक्यावर डावी-उजवीकडे दोन इंजिनं, पुढचं काहीच दिसत नाही. वैमानिकाने कळ दाबली की याच्यासमोर दिवा लागणार आणि हा पंखांच्या टोकाचे फ्लोट खाली-वर करणार, इंजिनांचं मिश्रण बदलणार. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि गस्त बारा-बारा तासांची. मागे शेगडीवर कॉफी, झोपायला फळ्या, शेपटीकडे काचेचे दोन फुगवटे आणि त्यात डोळे ताणून पाणी न्याहाळणारी पोरं. हे सगळं तुला खात्रीने लिहिता येईल.

आणि एकट्या मामाबद्दल लिहू नकोस. वैमानिकाचं नाव सगळीकडे सापडतं, बाकीचे ‘आणि कर्मचारी’ होऊन जातात. 2 ऑगस्ट 1945चंच बघ. ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकन युद्धनौका बुडून चौथा दिवस, माणसं पाण्यात, शार्क फिरताहेत. वैमानिक एड्रियन मार्क्सने खुल्या समुद्रात न उतरण्याचा स्थायी आदेश असताना, सोबत्यांचा कौल घेऊन, उंच लाटांत कॅटलिना उतरवली. 56 जण वाचवले. आत जागा संपली तेव्हा पंखांवर चढवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधले. त्या जहाजावरचे एकूण वाचले 316, त्यातले हे 56. विमान पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही, नौदलाने ते बुडवलं. मार्क्सचं नाव तुलाही ठाऊक होतं. तेलाने माखलेली, कातडी सोलवटलेली ती माणसं ओढून आत घेणारे हात कुणाचे, हे विचारलं तर? नावं नोंदलेली आहेत, शोधावी लागतात एवढंच. मामाच्या विमानातल्या इतरांचीही तशीच शोध. त्यांच्या घरीही कुणीतरी असेल, आणि एका घरात नसलेला फोटो दुसऱ्या घरात निघतो.

बाईंकडे पत्रं किंवा फोटो असतील तर मूळ प्रती मागवू नकोस. टपालात गहाळ झाल्या तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यांच्या नातवाला फोनवर स्कॅन करायला सांग, फोटोंची मागची बाजूसुद्धा. ठिकाण आणि टोपणनावं तिथेच लिहिलेली असतात.

मसुदा झाला की पाठव. विमानातल्या सगळ्यांची नावं त्यात असली तरच वाचायला घेईन.

तुझा,
काका