हार्मोन योजनेत बसतात का, हे कसं विचारायचं

अगं, 'ट्रान्सजेंडरना सगळं फुकट आहे' म्हणून कुणी सांगितलं की लगेच डॉक्टर ठरवू नकोस. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 'आयुष्मान भारत टीजी प्लस' जाहीर केली: वर्षाला 5 लाखांपर्यंत, त्यात हार्मोन थेरपीचंही नाव आहे. पण जाहीर होणं वेगळं आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर पॅकेज, म्हणजे योजनेतून पैसे मिळणाऱ्या उपचाराची नोंद, दिसणं वेगळं.

आधी राष्ट्रीय पोर्टलवरून ट्रान्सजेंडर ओळखपत्र काढ. ते डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसातून मिळतं. मग बिम्समध्ये, म्हणजे बेळगावच्या सरकारी दवाखान्यात, आरोग्य मित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) गाठ. 'हार्मोन मिळतात का' असं मोघम विचारलंस तर मान हलवून मोकळे होतील. विचार, 'पॅकेज कोड कुठला? ॲडमिट व्हावं लागतं का?' आयुष्मान मुळात भरती रुग्णांसाठी आहे, आणि आपल्या गोळ्या-इंजेक्शनं तर महिन्याच्या महिन्याला लागतात. खरी गोम इथंच आहे! उत्तर लेखी माग. 14555 या आयुष्मानच्या हेल्पलाइनवरही विचारून घे.

गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या कर्नाटक सीमाभागातल्या 865 गावांत असेल तर महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजनाही तुला लागू होऊ शकते. तिथंही हाच प्रश्न. कोल्हापूरची एसटी धरण्याआधी फोनवरच विचार.