'घनु वाजे घुणघुणा' हे प्रेमगीत की भक्तिगीत? बहिणीच्या संगीताला चालेल का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या लग्नाच्या संगीतासाठी 'घनु वाजे घुणघुणा'वर नाच बसवलाय आणि मावशी अडून बसल्यात: देवाचं गाणं आहे, त्यावर कंबर हलवायची नाही. तुम्हाला मात्र त्यात एका बाईची तगमग सरळ दिसते. मग खरं कुणाचं?

आधी मावशींची बाजू. गाणं कुणासाठी आहे याबद्दल ज्ञानेश्वरांनी शंका ठेवलेली नाही. पहिल्याच कडव्यात 'भवतारकु हा कान्हा, वेगीं भेटवा कां' असं आहे. भवतारक म्हणजे संसारातून पार नेणारा. नवऱ्याला असं कुणी म्हणत नाही, लग्नाला चार वर्षं झाल्यावर तर नाहीच. शेवटी 'बापरखुमादेविवरू विठ्ठलें' आहे, ती ज्ञानेश्वरांची नाममुद्रा, म्हणजे सहीच म्हणा. तेव्हा या मुद्द्यावर मावशींशी वाद घालू नका, हराल.

पण तुम्हाला जे दिसलं तेही खोटं नाही. 'चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी' ही ओळ घ्या. अंगाची आग शमावी म्हणून चंदन लावलं, चोळीसारखं अंगाला चिकटून बसलं, आणि तेच भाजतंय. पुढे फुलांची शेज आहे, तीही आगीसारखी. मग ती सख्यांना सांगते की तुमचा गळा गोड आहे, गा. पण त्या कोकिळेला आधी आवरा.

यातलं काहीच ज्ञानेश्वरांनी नव्याने शोधलेलं नाही. शंभरेक वर्षं आधी जयदेवाच्या 'गीतगोविंदा'तली राधा चंदनाला आणि चंद्रकिरणांना दूषणं देते. त्याच्याही कितीतरी आधीपासून संस्कृत-प्राकृत कवितेत प्रियकर दूर असलेल्या बाईला चांदणं पोळतं, चंदन जाळतं, कोकीळ छळते. हे सगळं सामान शृंगाराचं, आणि ज्यांनी काव्य ऐकलेलं होतं त्यांना ते कुठून आणलंय हे पक्कं ठाऊक असणार.

एका कीर्तनात मी या कडव्याचा अर्थ ऐकला होता. चोळी म्हणजे देह, चंदन म्हणजे विषयसुख, घन म्हणजे योग्याला ऐकू येणारा अनाहत नाद. बुवा गोड गळ्याचे होते, समोरची मंडळी माना डोलावत होती. मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की असा ओळीओळीचा हिशेब लावून झाला की पोळणं तेवढं बाजूला राहतं. ज्ञानेश्वरांना तत्त्वज्ञानच सांगायचं असेल तर ते सांगता येत होतं. १२९० साली त्यांनी अख्खी ज्ञानेश्वरी सांगितली होती. इथे त्यांना चोळीच हवी होती, म्हणून त्यांनी चोळी लिहिली.

वारकऱ्यांचा विठोबा एरवी आई असतो. माउली, विठाबाई. प्रियकर म्हणून त्याच्याकडे पाहणारे अभंग गाथेत वेगळे निघतात, त्यांना 'विरहिणी' आणि 'गौळणी' म्हणतात. आणि ते काही सोवळे नाहीत. मावशींना तुकोबांच्या 'विराण्या' वाचायला द्या. 'वाळो जन मज म्हणोत शिंदळी, परि हा वनमाळी न विसंबें.' लोकांनी वाळीत टाकावं, छिनाल म्हणावं, पण याला सोडणार नाही. आणि जनाबाई? डोईचा पदर खांद्यावर, भर बाजारात जाणार, आणि शेवटी 'जनी म्हणे देवा मी झालें वेसवा, रिघालें केशवा घर तुझें'. वेसवा म्हणजे वेश्या. तुमच्या नाचात याहून धीट काही असेल असं वाटत नाही.

आता थोडं विषयांतर. ज्ञानेश्वरांचीच दुसरी विरहिणी आहे, 'पैल तो गे काऊ कोकताहे'. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हा शकुन. बाई कावळ्याला म्हणते, खरं सांग, सोन्यानं पाय मढवीन, दहीभाताची उंडी भरवीन. हाच कावळा त्याआधीच्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या व्याकरणात दिलेल्या, अपभ्रंश नावाच्या जुन्या भाषेतल्या एका दोह्यात आहे. बाई कावळ्याला उडवायला हात उचलते आणि एकदम नवरा समोर. अर्ध्या बांगड्या जमिनीवर पडतात, कारण विरहाने हात वाळलेला. उरलेल्या अर्ध्या तडातड फुटतात, कारण त्याला पाहून हात फुगतो. तिथे देवबिव कुणी नाही. दोन्हीकडची बाई एकच आहे, फक्त ज्याची वाट पाहते आहे तो बदलला.

माझी आजी कोकणात एकटी राहायची, आजोबा मुंबईला गिरणीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. परसातल्या दगडी गडग्यावर कावळा ओरडला की आजी हातातलं काम टाकून भाताची उंडी ठेवायची आणि हाच अभंग गुणगुणायची. आता गंमत अशी की आजोबांचं नाव विठोबाच्याच नावांपैकी एक. आजीने ते जन्मात उच्चारलं नाही. उखाण्यातसुद्धा आढेवेढे घ्यायची. एरवी 'हे' आणि 'घरातले'. पण 'सत्य सांगें गोठी विठो येईल कायी' ही ओळ मात्र मोकळ्या गळ्याने म्हणायची, दोनदा, कधी तीनदा. ती कुणाची वाट पाहत होती हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने नुसतं 'चल, लाकडं आण' म्हटलं असतं.

म्हणून कुणी विचारलं की गाणं माणसाचं की देवाचं हे ओळखायचं कसं, तर माझ्याकडे हमखास खूण नाही. बरीच वर्षं मी 'घनु वाजे'च्या शेवटच्या कडव्याकडे बोट दाखवायचो: 'दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें'. साध्या प्रेमगीतातली बाई आरशात बघते तेव्हा तिला आपला सुकलेला चेहरा दिसतो. इथे चेहराच नाही. 'तो कधी येईल' इथून सुरू झालेलं गाणं 'मी कुठे गेले' इथे येऊन थांबतं, आणि हे विठ्ठलानेच केलं असं ती म्हणते. मला वाटायचं, सापडली खूण. पण ती 'काऊ'ला लागू पडत नाही. तिथली बाई शेवटपर्यंत शाबूत आहे, नुसती वाट पाहते आहे, आजीसारखी.

तर नाच करा. मावशींचा आक्षेप मला पटत नाही, पण त्यांनी घ्यायला हवा होता असा एक आक्षेप आहे. हे विरहाचं गाणं आहे. बोलावलेला अजून आलेला नाही, हाच त्याचा विषय. मांडवात मुहूर्ताची वेळ टळत चाललीय आणि नवरदेवाची गाडी घाटात अडकलीय, तेव्हा हे वाजलं तर लोक हसतील. आदल्या रात्री संगीतात ठेवा, तिथे शोभेल. आणि गाणं लांबतं म्हणून नाच बसवणारे शेवटचं कडवं कापायला निघतील, ते कापू देऊ नका. वाटल्यास कोकिळा गाळा. आरशाच्या ओळीला बहीण एकटी पुढे येऊ दे, बाकीच्या मुलींना तिथे बसवा. मावशींना पहिल्या रांगेत जागा ठेवा, त्या येतील.