उवे क्रुप: एका गोलापलीकडचा खेळाडू

तुम्ही विचारलंय, जर्मनीचा आइस हॉकीपटू उवे क्रुप १९९६ च्या अंतिम फेरीतल्या त्या एका गोलावरच मोठा झाला का. माझ्या मते अजिबात नाही. गोल करणं हे मुळात त्याचं कामच नव्हतं. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वात मोठी लीग) ७२९ सामने आणि ६९ गोल, म्हणजे दहा सामन्यांमागे एकही पुरता पडत नाही. तो बचावपटू होता, सहा फूट सहा इंचांचा. शॉटच्या वाटेत उभं राहायचं, अंगावर पक (खेळातली रबरी चकती) झेलायचा, समोरच्याला गोलसमोरून हुसकावायचं, ही त्याची रोजची कामं. असल्या खेळाडूच्या हायलाइट्स निघत नाहीत, म्हणून लोकांच्या लक्षात गोल तेवढा राहतो.

जन्म १९६५ चा, कोलोनचा. १९८३ मध्ये एनएचएलच्या बफेलो सेबर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा) घेतलं ते २१४ व्या क्रमांकावर. इतक्या खाली घेतलेल्या पोराकडून कोणी फारशी आशा ठेवत नाही. त्यात जर्मनीत घडलेले खेळाडू तेव्हा एनएचएलमध्ये शोधूनच काढावे लागत. हा गडी मात्र लगेच धावला नाही. घरच्या क्लबकडून जर्मन विजेतेपदं मिळवली आणि १९८६ मध्ये बफेलोला गेला. १९९१ मध्ये तो लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात खेळला. त्याच वर्षी स्टार खेळाडू पॅट लाफॉन्टेनला बफेलोत आणणाऱ्या मोठ्या अदलाबदलीत तो न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेला, पुढे क्वेबेक नॉर्डिक्सकडे. १९९५ मध्ये क्वेबेकचा संघच उचलून डेन्व्हरला नेला आणि त्याचं कोलोरॅडो अॅव्हलांच झालं.

आता १९९५-९६ चा तो हंगाम. सुरुवातीलाच क्रुपच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. साखळीतल्या ८२ पैकी फक्त सहा सामने त्याच्या वाट्याला आले. बहुतेकांनी पुढच्या वर्षाचा विचार केला असता, हा प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना, परत उभा राहिला.

अंतिम फेरीचा चौथा सामना मायामीत, फ्लोरिडा पँथर्सशी. कोलोरॅडो मालिकेत ३-० ने पुढे, चौथा विजय म्हणजे विजेतेपद. त्या वर्षी फ्लोरिडाने गोल केला की प्रेक्षक बर्फावर प्लास्टिकचे उंदीर फेकायचे. त्या रात्री गोलच होईना, मग उंदीर कसले! कोलोरॅडोचा गोलरक्षक पॅट्रिक रॉयने ६३ शॉट अडवले, पलीकडे फ्लोरिडाच्या जॉन व्हॅनबीसब्रूकने ५५. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड ०-०, मग दोन ओव्हरटाइम ०-०; ओव्हरटाइममध्ये पहिला गोल झाला की सामना संपतो. तिसऱ्या ओव्हरटाइमच्या ४ मिनिटं ३१ सेकंदांना क्रुपने ब्लू लाइनजवळून (गोलपासून बरीच लांबची निळी रेघ) स्लॅपशॉट, म्हणजे काठी मागे नेऊन जोरदार फटका, मारला. समोर खेळाडूंची गर्दी, गोलरक्षकाला पक नीट दिसलाच नाही. मध्यरात्र उलटून गेली होती. १-० आणि स्टॅनली कप, एनएचएलचं विजेतेपद. कप जिंकणारा तो पहिला जर्मन.

नशीब होतं का? थोडं होतंच, ओव्हरटाइमला असतंच. पण शंभरहून जास्त मिनिटांच्या खेळानंतर, फाटून सांधलेल्या गुडघ्यावर, तो अजून बर्फावर होता, हे नशिबानं होत नाही.

नंतरचं डेट्रॉइट प्रकरण मात्र बरंच कडवट. १९९८ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज क्लबशी मोठा करार झाला, पाठीने दगा दिला, आणि दुखापतीच्या काळात तो कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीत धावतो म्हणून क्लबने पगार थांबवला. त्याला कुत्र्यांचं खरंच वेड. चूक कोणाची, यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतील. २००१-०२ मध्ये तो डेट्रॉइटसाठी पुन्हा उतरला खरा, पण जुना क्रुप परत आला नाही. अटलांटाच्या एनएचएल संघाकडून थोडे सामने खेळून त्याने खेळ सोडला.

आणि प्रशिक्षक क्रुपकडे आपण फार दुर्लक्ष करतो. २००९ च्या जागतिक स्पर्धेत त्याच्या हाताखालचा जर्मन संघ इतका घसरला की २०१० चं यजमानपद नसतं तर खालच्या गटात गेला असता. पुढच्याच वर्षी गेल्झनकिर्शनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये ७७ हजारांवर प्रेक्षकांसमोर त्यांनी अमेरिकेला ओव्हरटाइममध्ये २-१ ने हरवलं आणि स्पर्धेत चौथे आले. १९५३ नंतरची ती त्यांची सर्वात चांगली कामगिरी. दोन्ही वर्षी प्रशिक्षक तोच.

मायामीचा सामना बघणार असाल तर गोलची क्लिप सोडा. तिसरा ओव्हरटाइम सुरुवातीपासून लावा आणि पक दुसरीकडे असताना क्रुप कुठे उभा असतो ते बघा.