गरम झाली की अडते, बंद करून चालू केली की बरी

प्रश्न : काका, नमस्कार. आमची २०११ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार गिअरची ऑटोमॅटिक. दीड वर्षापूर्वी पुण्यातून जुनी घेतली. यजमानांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबता येत नाही, म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक बघितली. मीटरवर ९१ हजार आहेत. रोज शाळेला नेते तेव्हा काही त्रास नाही. पण एप्रिलपासून तीनदा एकच प्रकार झाला. दोनदा तुळजापूरचा घाट चढून गावातल्या गर्दीत शिरताना आणि एकदा भर दुपारी अक्कलकोटहून येताना. गाडी थांबली की पुन्हा उचलत नाही, फार जड निघते, पुढे एकाच गिअरमध्ये अडकल्यासारखी चालते. न्यूट्रलमधून डीला टाकलं की धप्पकन झटका बसतो. दर्शन घेऊन तासाभरानं चालू केली की एकदम चांगली! गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स गेला, उघडावा लागेल, पाऊण लाख धरून चला. ऑइल कधी बदलायचं विचारलं तर म्हणाले, ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं. रेडिएटरमध्ये मात्र महिन्यातून एकदा पाणी घालावं लागतं, घरच्या बोअरचं घालतो. गाडी विकावी का?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, विकू नका आणि गिअरबॉक्स उघडू देऊ नका. निदान अजून तरी नाही. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे.

माझे वडील मागावर होते. चार माग एकदम चालू असताना कुठला बिघडलाय ते आवाजावरून सांगायचे. मॅन्युअल गाडीचंही बरंचसं तसंच चालतं. ऑटोमॅटिकमध्ये आवाजापेक्षा जास्त कळतं ते वेळेवरून आणि उष्णतेवरून. थंड असताना अडते की गरम झाल्यावर? डीला टाकल्यापासून गिअर लागेपर्यंत किती सेकंद जातात? डी आणि आर दोन्हींत त्रास आहे की एकातच? आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न : बंद करून पुन्हा चालू केल्यावर काय होतं?

तुमची गाडी बंद करून चालू केली की सुधारते. गिअरबॉक्सच्या आतली झिजलेली क्लच प्लेट चावी फिरवून नवी होत नाही. चावीनं सुधारतो तो कॉम्प्युटरचा निर्णय. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सचा वेगळा कॉम्प्युटर आहे. एखाद्या सेन्सरचा सिग्नल तुटला किंवा ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइडचा करंट बिघडला, की तो धोका पत्करत नाही. सगळ्या सोलेनॉइडचा करंट तोडतो. मग चार गिअरच्या बहुतेक गाड्या तिसऱ्या गिअरवर अडकून राहतात, म्हणजे तुम्ही हळूहळू घरी पोचावं. मेकॅनिक याला लिंप मोड म्हणतात. तिसऱ्यात उचलायची म्हणून गाडी जड निघते. या अवस्थेत ऑइलचं प्रेशर पूर्ण असतं, म्हणून डीला टाकताना धप्प होतं. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं इथं जुळतात. चावी बंद करून पुन्हा फिरवली की कॉम्प्युटर पहिल्यापासून तपासणी करतो, आणि तोवर गाडी निवलेली असते.

मग मुख्य काम स्कॅनर, म्हणजे कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. पण असा स्कॅनर हवा जो गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलतो. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा इंजिनचेच कोड दाखवतात. त्यात पी०७०० आला तर अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदली आहे, ती तिथं जाऊन वाचा. पी०७०५ आला तर लिव्हर पी, आर, एन, डी यांपैकी कुठं आहे ते ओळखणारा स्विच, पी०७१५ किंवा पी०७२० आला तर वेगाचे सेन्सर, पी०७५० च्या आसपासचा असेल तर सोलेनॉइड. यातली बरीच कामं गिअरबॉक्स खाली न उतरवता होतात. पी०७३१ ते पी०७३४ आले तर मात्र गिअर आत घसरतोय अशी शंका घ्यावी लागते. कोड कागदावर लिहून घेतल्याशिवाय कुणालाही ते उडवू देऊ नका. ‘बॅटरीची वायर काढून लावतो, बघू’ असं कुणी म्हणालं तर हात धरा. तेवढ्यानं पुरावा पुसला जाऊ शकतो.

स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. व्होल्टेज कमी असेल किंवा गिअरबॉक्सची अर्थिंग गंजली असेल, तर कॉम्प्युटर नसलेल्या चुकाही नोंदवतो.

हे मी इतकं कळकळीनं सांगतोय त्याला कारण आहे. गॅरेज सुरू करून मला फार वर्षं झाली नव्हती. एका निवृत्त मास्तरांच्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स मी उतरवून पुण्याला पाठवला. महिन्यानं आला, बसवला, आणि दुसऱ्याच दिवशी तीच तक्रार. शेवटी सापडला तो लिव्हरची जागा ओळखणाऱ्या स्विचच्या कनेक्टरमधला हिरवा गंज. पेन्शनच्या पैशातून त्यांनी बिल भरलं होतं. मी ते हप्त्याहप्त्यानं परत केलं. तेव्हापासून कनेक्टर काढून बघितल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

आता ऑइल आणि तुमचं बोअरचं पाणी. माझ्या मते तुमच्या गाडीचं मूळ दुखणं इथंच आहे.

ऑटोमॅटिकमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून (मॅन्युअलमधल्या क्लचच्या जागी असतो तो) पुढे नेतं ते, क्लच प्लेटा दाबून धरतं ते आणि सगळी उष्णता बाहेर आणतं तेही. ही उष्णता टाकायची जागा बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच असते. तिथं एक छोटा कूलर असतो, त्यातून गिअरबॉक्सचं ऑइल फिरतं आणि भोवती कुलंट. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि त्या कूलरवर बसतो. शाळेपर्यंतच्या फेरीत काही कळत नाही. मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री, एसी चालू, चार माणसं आणि समोर घाट, की ऑइल तापतच जातं. तापलं की पातळ होतं, प्रेशर घसरतं, आणि त्या ऑइलात बुडालेल्या सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स वाढतो. म्हातारं सोलेनॉइड तिथंच दगा देतं. म्हणून कोडमध्ये सोलेनॉइड निघालं आणि बदललं, तरी रेडिएटर साफ केला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल.

शिवाय बंद सिस्टिममध्ये दर महिन्याला पाणी कमी व्हायलाच नको. गळती कुठं आहे ते शोधा. ती त्या कूलरमध्येच असेल तर गंभीर आहे. पाणी गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि ऑइल गुलाबी दुधासारखं होतं. डिपस्टिकवर तसं दिसलं तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाण्यानं क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं, आणि मग ते पाऊण लाख खरे ठरतात.

ऑइल बघायची पद्धत तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा, कारण प्रत्येक कंपनीची वेगळी. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत असं : पंधरा-वीस मिनिटं चालवून सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालूच ठेवा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, परत पीमध्ये आणा आणि मग डिपस्टिक काढा. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवी. (होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद करून लगेच बघतात. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथं जॅकवर चढवावीच लागते.) डिपस्टिक पुसायला कॉटन वेस्ट किंवा जुना टॉवेल घेऊ नका. टॉवेलच्या गावात हे सांगावं लागतं, कारण प्रत्येक गॅरेजात तोच बोळा असतो. त्याचा एक धागा आतल्या बारीक वाटेत अडकला तर नवं दुखणं. टिश्यू पेपर घ्या आणि एक थेंब त्यावर पडू द्या. लालसर पसरला तर उत्तम. तपकिरी असेल तर बदलायची वेळ झाली. काळा, करपलेल्या वासाचा आणि आत बारीक कण असतील, तर प्लेटा झिजल्यात. तेव्हा पुढचा निर्णय प्रेशर मोजून घ्यावा.

लाइफटाइम ऑइल ही गोष्ट मी मानत नाही. आपल्या उन्हात तर नाहीच. ९१ हजारावर पहिल्यांदा बदलताय असं धरून सांगतो : मशिन लावून प्रेशरनं फ्लश करू नका. नुसतं खालून सोडा आणि तेवढंच वरून भरा. असं केल्यावर साधारण निम्मंच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही आठवडे चालवून पुन्हा तेच करा. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. डबा उघडला की बहुतेक लाल दिसतात, पॉवर स्टिअरिंगचंही बऱ्याचदा लाल असतं, पण ग्रेड चुकली की झटके सुरू. रेडिएटरमध्ये यापुढे कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

पैसे खर्चायचा क्रम असा ठेवा : बॅटरी आणि कनेक्टर, मग कोड, मग गळती आणि रेडिएटर, मग ऑइल. त्यानंतरही घाटात अडली तर सोलेनॉइड. उघडायचं नाव सगळ्यात शेवटी.

आणि रस्त्यात पुन्हा अडली तर सावलीत लावून निवू द्या. टोचन करून आणू नका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं रस्त्यावर ओढली की आतले भाग ऑइलाविना फिरतात. गाडी पूर्ण वर चढवणारी गाडी मागवा. यजमानांनाही हे सांगून ठेवा. ते एकटे असताना कुणी मदतीला दोर घेऊन आलं, तर नको म्हणता आलं पाहिजे.

प्रश्न : माझी जुनी एएमटी गाडी घाटात, गर्दीत जळका वास मारते आणि मागे घसरते. गिअरबॉक्सचं ऑइल कमी असेल का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : तुमची गाडी वरच्या ताईंच्या जातीची नाही. एएमटीत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र बसवलेलं असतं. वास येतोय तो क्लच प्लेटचा. चढावर अ‍ॅक्सिलेटर किंचित दाबून गाडी तोलून धरायची सवय असेल तर आजपासून सोडा, ब्रेक वापरा, निघताना हँडब्रेकची मदत घ्या. प्लेट बदलावी लागली, तर बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या क्लचची ओळख कॉम्प्युटरला करून द्यावी लागते. ते राहिलं तर नव्या प्लेटवरही गाडी झटके देईल, आणि दोष प्लेटवर येईल.